चित्रांसाठी स्वतःची वेबसाईट करायचीय, घोडं पेंड खातंय (जरा लांबलचक आहे)

रेघोट्या (धागाकर्ती) | १२ जून, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरची, शाळेत चित्रकला शिकवते आणि उरलेल्या वेळात जलरंगात निसर्गचित्रं करते (खरं तर उरलेल्या वेळात शाळा करते, पण ते आमच्या हेडमास्तरांना सांगू नका). पंधरा-सोळा वर्षं झाली. दोन एकल प्रदर्शनं झाली, एक इथे शाहू स्मारकला आणि एक पुण्यात बालगंधर्वच्या कलादालनात. मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीला अर्ज टाकलाय, तिथली तारीख लागेपर्यंत माझ्या मुलीचं लग्न होईल असं सगळे म्हणतात. मुलगी आठवीत आहे.

तर झालं असं की मागच्या महिन्यात पुण्याहून एका बाईंचा फोन आला, तुमचं ते पावसातलं घाटाचं चित्र कुणाकडे तरी पाहिलं, अजून तसली बघायला मिळतील का. मी म्हटलं इन्स्टावर आहेत की, आणि मग फोनवर त्यांना "अजून खाली जा, अजून खाली" करत बसले. मध्ये घरचा गणपती, मुलीचा वाढदिवस, तांबडा-पांढरा, शाळेचं गॅदरिंग, आणि चित्र काही सापडेना. शेवटी त्याच म्हणाल्या, अहो तुमची साधी वेबसाईट नाही का?

इतकी लाज वाटली म्हणून सांगू.

ओळखीतल्या एका मुलाला विचारलं तर त्याने चाळीस हजार सांगितले आणि डेमो दाखवला. उघडलं की मोर पिसारा फुलवतो, मागे बासरी वाजते, मग चित्रं आपोआप सरकत राहतात आणि प्रत्येक चित्र गोल फिरून येतं. घरच्यांना जाम आवडलं. मला काहीतरी खटकतंय पण काय ते सांगता येईना. तुमच्यापैकी कुणी स्वतःच्या चित्रांची, शिल्पांची, फोटोंची साईट केलीय का? काय ठेवावं, काय टाळावं, आणि हे सगळं मला स्वतःला जमेल का?

माहीमचा हलवा | १२ जून, रात्री ११:५२

बासरी ठेवा, मोर ठेवा, फक्त चित्रं काढून टाका. लग्नाच्या हॉलवाल्यांना विकता येईल. (हलके घ्या.)

पाणकावळा | १३ जून, सकाळी ८:१५

रेघोट्याताई, तुम्हाला खटकतंय ते बरोबर खटकतंय. मी पुण्यात हेच काम करतो, वेबसाईटी बनवायचं, आणि आत्तापर्यंत सात-आठ चित्रकारांच्या केल्यात, त्यातल्या पहिल्या तीन मीच बिघडवल्या कारण तेव्हा मलाही डिझाइनर म्हणून चमकायचं होतं. भिंत चित्रापेक्षा जास्त बोलायला लागली की प्रदर्शन फसतं हे तुम्हाला मी सांगायला नको, इथेही तेच.

आपोआप सरकणारी चित्रं तर अजिबात नकोत. माणूस चित्र बघायला थांबला की तुम्हीच त्याच्या डोळ्यासमोरून ते ओढून नेताय. शाळेत कुणी तुमच्या हातून खडू ओढून घेतला तर?

पण साईटचं सोडा, आधी एक काम करा. एक्सेल उघडा आणि आजवर केलेल्या सगळ्या चित्रांची यादी करा. नाव, माध्यम, कागद कुठला, उंची आणि रुंदी (आधी उंची, हा जगभरचा रिवाज आहे, आपल्याकडे फ्रेमवाले उलटं सांगतात त्यामुळे घोळ होतो), कुठल्या वर्षी केलं, कुठे दाखवलं, आता कुणाकडे आहे. ही यादी झाली की साईट ऐंशी टक्के झाली, उरलेलं काम माझ्यासारखा कुणीही करेल. आणि यादी नसेल तर मोर कितीही नाचू दे, तुमच्या त्या पुण्याच्या बाईंना चित्र सापडणार नाही ते नाहीच.

बाकी रचना अगदी साधी. पहिल्या पानावर एक चित्र, मोठं, आणि तुमचं नाव. मेनूत चार गोष्टी: चित्रं, माझ्याविषयी, प्रदर्शनं, संपर्क. चित्रं मालिकेनुसार लावा, म्हणजे घाट वेगळे, बाजार वेगळे, आणि प्रत्येक चित्राला स्वतःचं पान द्या. हे महत्त्वाचं. कारण मग त्या बाईंना तुम्ही एका चित्राची लिंक पाठवू शकता, अख्ख्या दुकानाची नाही.

शाडूमाती | १३ जून, सकाळी ११:०३

पाणकावळेसाहेबांशी शंभर टक्के सहमत, आणि अनुभवाने सहमत. मी शिल्पकार, वय वर्षे ६८, जेजे स्कूल ऑफ आर्टमधून बाहेर पडून जमाना झाला. २००६ साली मी पन्नास हजार रुपये देऊन साईट करून घेतली होती, तेव्हाचे पन्नास हजार म्हणजे बघा. पूर्ण फ्लॅशमध्ये, म्हणजे साईटवर हलती चित्रं दाखवायचं तेव्हाचं सॉफ्टवेअर. उघडली की मखमली पडदा बाजूला व्हायचा, मृदंग वाजायचा आणि आमचा एक ब्राँझचा बैल हळूहळू वळायचा. लोक घरी यायचे तेव्हा चहाच्या आधी मी कॉम्प्युटर लावायचो.

मग आयफोन आला, त्याच्यावर फ्लॅश चालतच नसे, कधीच चालला नाही. आमच्या एका ग्राहकाने दुबईहून फोन केला की साईटवर नुसता करडा चौकोन दिसतो. ज्याने केली होती तो मुलगा बंगलोरला गेला. २०२० च्या ३१ डिसेंबरला अ‍ॅडोबीने फ्लॅशच बंद करून टाकलं, आणि बैल गेला. त्यात शिल्पांची माहिती, समीक्षा, उद्घाटनाचे फोटो सगळं त्या एका फाइलच्या पोटात होतं. बैल अजून माझ्या अंगणात उभा आहे, त्याला काही झालं नाही. ब्राँझ आहे.

आता साईट नातीने केलीय. पांढरं पान, फोटो, खाली दोन ओळी. कुणाला दाखवावी असं वाटत नाही, पण गेल्या वर्षी दोन कामं त्याच्यावरून आली.

माहीमचा हलवा | १३ जून, सकाळी ११:२०

शाडूमातीकाका, प्रतिसाद काळजाला भिडला. बैलाचा फोटो टाका.

गंधाली_गोरेगाव | १३ जून, दुपारी ३:३०

सगळे रचनेवर बोलताहेत, मी फोटोवर बोलते, कारण माझ्या मते निम्मी भांडणं तिथेच आहेत. चित्रकार चित्रावर तीन आठवडे घालवतो आणि त्याचा फोटो ट्यूबलाइटखाली तीन सेकंदांत काढतो. मग साईटवर यलो ऑकर नारिंगी दिसतो आणि कागद निळसर, आणि दोष वेबसाईटवाल्याला.

रेघोट्या, तुमच्याकडे आत्ता पाऊस आहे ना? उत्तम. ढगाळ दिवसाचा उजेड फुकटात मिळणारा सगळ्यात चांगला लाइट आहे, सगळीकडून सारखा येतो, सावली कडक पडत नाही. चित्र फ्रेम करायच्या आधी घ्या. आधीच फ्रेम झालं असेल तर काच काढा, आळस करू नका. गॅलरीत किंवा व्हरांड्यात भिंतीला सरळ उभं करा, मोबाईल स्टँडवर, चित्राच्या बरोबर मध्यासमोर, अजिबात तिरका नाही. फोन चित्राजवळ नेऊन वाइड लेन्सने काढलात तर चित्राच्या कडा पोट सुटल्यासारख्या बाहेर येतात, त्यामुळे चार पावलं मागे जा आणि दोन पट झूम करा. एचडीआर, ब्युटी वगैरे जे काही फोन स्वतःच्या अकलेने करतो ते बंद. शेजारी एक ग्रे कार्ड (साधं करड्या रंगाचं कार्ड) धरून एक फोटो घ्या म्हणजे नंतर रंगाचा तोल त्याच्यावरून लावता येतो.

घरात लाइट लावूनच काढायचं असेल तर दोन सारखे दिवे, दोन्ही बाजूंनी ४५ अंशात, आणि बाकीचे सगळे दिवे बंद. एक दिवा पांढरा आणि एक पिवळा असं केलंत तर अर्धा रंकाळा सकाळचा आणि अर्धा संध्याकाळचा होईल.

जलरंगाची एक खास अडचण, कागदाचं पांढरं. लोक ब्राइटनेस वाढवून ते झगझगीत करतात, मग तुम्ही जिथे हलकासा वॉश (पातळ रंगाचा हात) दिलेला असतो, ते धुकं, ते सगळं उडून जातं. हॅन्डमेड कागद थोडा दुधाळ असतो, तो तसाच दिसू दे. एडिट करताना मूळ चित्र शेजारी ठेवा, आणि फोनचा स्क्रीन व्हिव्हिड मोडवर असेल तर आधी साधा करा नाहीतर तुम्ही स्क्रीनच्या रंगाला फसाल.

सेव्ह करताना रंगांची पद्धत एसआरजीबी ठेवा. कॅमेऱ्यात अ‍ॅडोबी आरजीबी लावलेलं असेल आणि तसंच चढवलंत तर बऱ्याच ठिकाणी रंग मेल्यासारखे दिसतात. लांब बाजू १६०० पिक्सेल पुरते. फोनमधून येणारा मूळ फोटो चार हजार पिक्सेलचा आणि चार-पाच एमबीचा असतो, असे चाळीस एका पानावर टाकलेत तर दोनशे एमबीच्या आसपास झालं, गगनबावड्याला बसून कोण उघडणार ते. १६०० ला जेपेगची क्वालिटी ८० ठेवली की तीन-चारशे केबीत काम होतं.

आणि प्रत्येक मोठ्या चित्राचा एक जवळून फोटो द्या. ब्रश कुठे उचलला, रंग कुठे कागदाच्या दाण्यांत थांबला ते दिसू दे. घेणारा माणूस तेच बघतो.

रेघोट्या (धागाकर्ती) | १४ जून, संध्याकाळी ७:१०

गंधाली तुमचे पाय कुठे आहेत! आज दिवसभर तेच केलं. काच काढायचा आळस केला आणि हात दाखवून अवलक्षण, फोटो मोठा करून बघते तर पंचगंगेच्या घाटावर, बरोबर देवळाच्या शिखराखाली, माझाच फुलाफुलांचा गाऊन आणि हातात मोबाईल. मुलगी म्हणाली ठेव असाच, मॉडर्न आर्ट आहे. उद्या सगळ्या फ्रेमा उघडतेय.

एक्सेलही सुरू केलं. ६३ चित्रं आठवली, त्यातली २९ कुणाकडे आहेत ते माहीतच नाही. पावत्या केल्याच नव्हत्या धड. चित्रकार आबालाल रहमान आमच्या गावचे, कोटितीर्थाच्या काठी आयुष्य घालवलं, इतकं काम केलं आणि आज हाताशी फार थोडं उरलंय असं आम्हीच वर्गात हळहळून सांगतो, आणि स्वतःचं बघा.

स्वल्पविराम | १४ जून, रात्री ९:४५

मराठीतही ठेवा हो साईट. फक्त इंग्रजी नको. आणि ठेवणार असाल तर काही गोष्टी सांभाळा, कारण या बाबतीत भलेभले माती खातात.

एक, जुना मजकूर श्रीलिपीत वगैरे टाइप केलेला असेल तर तो साईटवर चिकटवला की त्याचं रोमन अक्षरांचं कडबोळं होतं. मग लोक त्या मजकुराचा फोटो काढून तोच टाकतात, म्हणजे गूगलला तुमच्याबद्दल एक अक्षरही वाचता येत नाही. युनिकोडमध्ये परत टाइप करा, कंटाळा आला तरी. दुसरं, फॉन्ट. गूगल फॉन्ट्सवर मुक्ता आहे, मुंबईच्या एक टाइपने केलेला, फुकट आहे आणि लहान आकारात छान वाचता येतो. थोडा पुस्तकी थाट हवा तर तिरो देवनागरी मराठी. ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा जास्त ठेवायला सांगा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत अडकतात.

आणि तिसरं, जे कुणीच करत नाही. पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी अशी नोंदवायला सांगा, म्हणजे लँग बरोबर एमआर. फॉन्टमध्ये सोय असेल तर ल आणि श आपल्या वळणाचे येतात, नाहीतर हिंदीचे येतात. चित्रकाराच्या साईटवर तरी ल आपला असावा!

माहीमचा हलवा | १४ जून, रात्री ९:५०

ल बद्दल प्रचंड अनुमोदन. वाखूसा (वाचनखूण साठवली).

गळका_पेन | १५ जून, सकाळी ७:३०

उशिरा येतोय पण हे वाचल्याशिवाय कुणाला एक रुपयाही देऊ नका. कळकळीची विनंती समजा.

मी फोटोग्राफर, लग्नं आणि आवड म्हणून किल्ले. माझ्या नावाचं डॉट कॉम २०१४ ला घेतलं, म्हणजे असं मला वाटत होतं. साईट करून देणाऱ्याने "डोमेन, होस्टिंग सगळं आमच्यात इन्क्लुडेड" म्हणून सांगितलं (डोमेन म्हणजे साईटचं नाव, होस्टिंग म्हणजे ती ठेवायची जागा) आणि मी खूश. पाच वर्षं दरवर्षी त्याला पैसे देत होतो. मग त्याचा फोन लागेना. मग एक दिवस एका नवरीच्या वडिलांचा फोन, काय हो, तुमच्या साईटवर पत्ते कसले दिसताहेत? उघडून बघतो तर सट्टा. परदेशी जुगाराची साईट, माझ्या नावाने, आणि माझं व्हिजिटिंग कार्ड अर्ध्या सातारा जिल्ह्यात वाटलेलं.

चौकशी केल्यावर कळलं की डोमेन माझ्या नावावर कधी नव्हतंच, त्याच्या ईमेलवर, त्याच्या खात्यात. मुदत संपली की डॉट कॉम लगेच जात नाही, काही आठवडे सवलतीचे असतात, मग महिनाभर जबर दंड भरून सोडवता येतं, पण त्या सगळ्या सूचना जायच्या त्याच्या ईमेलवर. मला कोण सांगणार? नंतर ते बाजारात आलं आणि कुणीतरी उचललं. आता नवीन डोमेन नावामागे फोटो जोडून घेतलंय. त्या जुगारावर मात्र अजून माझंच नाव आहे.

डोमेन स्वतःच्या खात्यावर, स्वतःच्या ईमेलने, स्वतःच्या कार्डाने घ्या. वर्षाला हजार-बाराशेचा मामला आहे. पासवर्ड वहीत लिहून ठेवा, बायकोला सांगा, नवऱ्याला सांगा. घर भाड्याचं चालेल, नावाची पाटी स्वतःची पाहिजे.

जुन्या साईटवरचा मजकूर बराचसा इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर (तिथे जुनी वेबपानं साठवलेली असतात) सापडला, फोटो निम्मे. शाडूमातीकाका, तुम्हीही बघा तिथे, बैल नाही पण काहीतरी सापडेल.

पाणकावळा | १५ जून, सकाळी ९:००

+१००. माझ्याच धंद्यातले लोक हे करतात आणि बऱ्याचदा लबाडीनेही नाही, नुसत्या गलथानपणाने.

नाव निवडताना स्पेलिंग बघा. तुमची चित्रावरची सही देवनागरीत असेल, डोमेन रोमनमध्ये, आणि लोक आडनावाची पाच स्पेलिंगं करतात. फोनवर एकदा सांगितलं की समोरच्याला लिहिता आलं पाहिजे, ही परीक्षा. देवनागरीतलं डॉट भारतही २०१४ पासून मिळतं, मी हौसेने घेऊन ठेवलंय, पण काही ठिकाणी लिंक पेस्ट केली की ती एक्सएन डॅश डॅश करत भलतीच काहीतरी होते. जोडीला घ्या, मुख्य म्हणून नको.

रेघोट्या (धागाकर्ती) | १५ जून, दुपारी २:२०

बाप रे. त्या मुलाच्या कोटेशनमध्ये पण "इन्क्लुडेड" असंच लिहिलंय. आज रात्री स्वतः घेते.

दोन प्रश्न. कुणी चित्रं चोरली तर? आमचे एक सर म्हणतात मधोमध नाव छापल्याशिवाय काही टाकू नकोस. आणि किंमत लिहायची की नाही?

कज्जेदलाल | १५ जून, रात्री १०:०५

नावाप्रमाणेच माझा धंदा. थोडक्यात सांगतो, हा सल्ला समजू नये वगैरे नेहमीचं.

१९५७ चा कॉपीराइट कायदा. चित्र काढलंत त्या क्षणी हक्क तुमचा, नोंदणी सक्तीची नाही. तुमच्या हयातीत आणि तुमच्यानंतर ६० वर्षं. चित्र विकलं म्हणजे कॉपीराइट विकला असं होत नाही, तो लेखी करार करूनच जातो. त्यामुळे विकलेल्या चित्राचा फोटो साईटवर ठेवायला तुम्ही मोकळ्या आहात, आणि घेणाऱ्याला त्याची कॅलेंडरं छापता येणार नाहीत.

आता ग्यानबाची मेख. कुणी पैसे देऊन तुमच्याकडून करवून घेतलं असेल, उदाहरणार्थ वडिलांचं व्यक्तिचित्र, तर कलम १७ प्रमाणे, वेगळा करार नसेल तर, कॉपीराइटचा पहिला मालक तो करवून घेणारा. म्हणजे ऑर्डरची पोर्ट्रेट्स साईटवर टाकायची असतील तर ऑर्डर घेतानाच एक ओळ लिहून घ्या की कॉपीराइट चित्रकाराकडे राहील आणि चित्र पोर्टफोलिओत दाखवता येईल. दहापैकी नऊ चित्रकारांना हे माहीत नसतं, आणि घेणाऱ्यालाही नसतं म्हणून निभावतं. चित्रकार म्हणून तुमचं नाव लावायचा आणि चित्राची मोडतोड होऊ न देण्याचा हक्क मात्र कलम ५७ खाली तुमच्याकडेच राहतो. विज्ञान भवनातलं भित्तिशिल्प काढून गोदामात टाकलं म्हणून शिल्पकार अमरनाथ सेहगल सरकारविरुद्ध कोर्टात गेले आणि २००५ साली दिल्ली हायकोर्टात जिंकले, ते याच कलमावर.

गंधाली_गोरेगाव | १५ जून, रात्री १०:४०

चोरीबद्दल. मधोमध नाव छापू नका हो, स्वतःच्या मुलाच्या तोंडावर शिक्का मारल्यासारखं दिसतं. १६०० पिक्सेलचा फोटो ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) छापला तर जेमतेम सव्वापाच इंच होतो, त्याचं काय पोस्टर छापणार कुणी. मोठ्या फाइली घरी ठेवा, बस्स. अ‍ॅमस्टरडॅमचं राइक्सम्युझियम २०१२ पासून मोठ्या फाइली फुकट डाउनलोड करू देतं, त्यांचं काही बुडालं नाही.

कज्जेदलाल | १५ जून, रात्री १०:४८

त्यांचे चित्रकार जाऊन साडेतीनशे वर्षं झाली, त्यांना घरभाडं नाही.

गंधाली_गोरेगाव | १५ जून, रात्री १०:५५

भापो (भावना पोहोचल्या) :) एआयवाले चित्रं उचलतात त्याची मात्र मलाही धास्ती आहे. शिकागो विद्यापीठातल्या लोकांनी ग्लेझ नावाचं सॉफ्टवेअर फुकट दिलंय, ते चित्रात बारीक फेरफार करतं म्हणजे मशीनला तुमची शैली नीट पकडता येत नाही. वापरून पाहिलं, पण जलरंगात मोकळ्या आकाशावर ते डाग दिसतात. आकाशच बिघडवून आकाश कसं वाचवणार, मी सोडून दिलं.

कुडाळकर_पोरगो | १६ जून, सकाळी १०:३०

जरा वेगळा मुद्दा. मी आमच्या पिंगुळीच्या चित्रकथीबद्दल सांगतोय. इथल्या ठाकर समाजाची ही कला, परशुराम गंगावणेंना २०२१ ला पद्मश्री मिळाली त्यानंतर बाहेरचे लोक जास्त विचारायला लागले. मी चित्रकार न्हय, पण ओळखीतल्या एका घरासाठी पान बनवायला बसलो होतो आणि मोठा घोळ केला.

चित्रकथीत एकटं चित्र नसतं. एका आख्यानाची पोथी असते, एकामागून एक चित्र समोर धरायचं आणि गात गात गोष्ट सांगायची. मी काय केलं, तर सगळ्यात सुंदर दहा चित्रं निवडली, वेगवेगळ्या पोथ्यांतली, आणि चौकोन चौकोन लावून टाकली. त्या घरातल्या आजोबांनी बघितलं, बराच वेळ गप्प, मग म्हणाले, "ह्यो राम हयसर काय करता? ह्येची सीता खंय?" मी गार. मग सगळं काढलं. आता एक पोथी एक पान, चित्रं क्रमाने खाली खाली, आणि वर आजोबांच्या आवाजातलं दहा मिनिटांचं रेकॉर्डिंग, मागे वीणा आणि हुडूक. इथे आवाज पाहिजेच. पण तोही आपोआप नाही वाजत, बटण दाबलं की वाजतो.

शाडूमाती | १६ जून, दुपारी १२:१५

वा पोरगो! म्हणजे आमचा मृदंग अस्थानी होता तो आवाज होता म्हणून नव्हे, बैलाला गाता येत नव्हतं म्हणून.

एडिसनकर | १६ जून, दुपारी ४:५०

मी चित्र काढत नाही, विकत घेतो. न्यू जर्सीत आहे. नवीन घराच्या भिंतीसाठी गेल्या वर्षी कोकणातल्या एका चित्रकाराकडून तैलचित्र घेतलं, त्यामुळे समोरच्या बाजूने सांगतो.

मी रात्री मुलं झोपल्यावर मोबाईलवर शोधतो. सहा साईट आवडल्या. त्यातल्या दोघांचा संपर्काचा फॉर्म भरला, आजतागायत उत्तर नाही, बहुतेक तो फॉर्म कुठेच जात नसेल. एकाच्या साईटवर प्रत्येक चित्र त्याच एका राखाडी सोफ्यावर टांगलेलं, कॉम्प्युटरवर चिकटवलेलं. तो सोफा मी आता जगात कुठेही ओळखेन. तीन फुटाचं चित्र आणि सहा फुटाचं चित्र त्याच्यावर सारखंच दिसत होतं.

ज्याच्याकडून घेतलं त्याने काय केलं होतं, तर चित्र स्टुलावर ठेवून शेजारी बायकोला उभं केलं होतं. एका फोटोत चित्राची मागची बाजू, त्याच्यावर सही आणि साल. किंमत स्पष्ट लिहिलेली. आणि फोन नंबर. मी व्हॉट्सअ‍ॅप केलं, अर्ध्या तासात उत्तर. कॅनव्हास रंगाची बाजू बाहेर ठेवून गुंडाळून जाड पाइपात घालून पाठवला, मला वाटलं होतं रंग आत ठेवतात, पण आत ठेवला तर परत उलगडताना रंगाला चिरा पडण्याची भीती जास्त असं त्याने समजावलं. पाठवण्याआधी सगळ्याचे फोटो पाठवले. माझा पैसा तिथे गेला.

किंमत न लिहिणाऱ्यांबद्दल एकच म्हणेन, आम्ही मराठी माणसं किंमत विचारायला लाजतो. महाग असेल तर नाही कसं म्हणायचं म्हणून विचारतच नाही.

पाणकावळा | १६ जून, संध्याकाळी ६:००

किंमतीवर माझं मत थोडं वेगळं. गॅलरीशी काम करत असाल तर गॅलरीतली किंमत आणि साईटवरची किंमत एकच पाहिजे, कमिशन वाचतं म्हणून साईटवर स्वस्त लावलंत तर ती गॅलरी पुन्हा दारात उभं करणार नाही. गॅलरी नसेल तर बिनधास्त लिहा. निदान "अर्ध्या इंपिरियल शीटची चित्रं अमुकपासून" एवढं तरी. आणि विकलेली चित्रं काढून टाकू नका, "संग्रही" लिहून ठेवा.

एक बारीक गोष्ट. लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली की खाली छोटा फोटो येतो ना, तो आपोआप बरोबर येईल असं नाही, साईट करताना प्रत्येक पानाला ठरवून द्यावा लागतो. नाहीतर सगळ्या लिंकांना नुसता लोगो येतो. आपल्याकडे साईट बघितली जाते ती व्हॉट्सअ‍ॅपवरून, त्यामुळे तो छोटा फोटो हेच तुमचं प्रवेशद्वार. तयार साधनातही हे सगळं जमतं, वर्डप्रेस असो की विक्स. चाळीस हजार नकोत.

अबोली_२२ | १६ जून, रात्री ८:३०

माझा भाऊ स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, साईट ऐकतो. बहुतेक चित्रकारांच्या साईटवर त्याला ऐकू येतं "आयएमजी चार पाच शून्य दोन, आयएमजी चार पाच शून्य तीन". फोटो चढवताना वर्णनाचा रकाना असतो, तिथे एक वाक्य लिहा ना. "पावसात ओला घाट, डावीकडे दीपमाळ, पाणी तांबूस." एवढं पुरतं त्याला.

रेघोट्या (धागाकर्ती) | ३० जून, रात्री ११:१५

मंडळी, झाली! म्हणजे उभी राहिली. डोमेन माझ्या नावावर, पासवर्ड वहीत. १४ चित्रं चढवली, सगळ्यांच्या काचा काढून, आणि बाकीची दर रविवारी दोन. मोर नाही. त्या मुलाला सांगितलं तर जरा रुसला, मग त्यानेच वर्डप्रेस लावून दिलं, सहा हजारात. अबोली, वर्णनं लिहिताना मजा आली, चार चित्रांत मलाच कळलं की मी काय काढलंय. स्वल्पविराम, ल बघा आणि कळवा.

त्या पुण्याच्या बाईंना घाटाची लिंक पाठवली, छोटा फोटो नीट आला. त्यांनी अजून घेतलं काहीच नाही, पण "छान" आणि दोन फुलं आली.

आता एक मदत हवीय. एक्सेलमध्ये एक ओळ रिकामी आहे आणि माझा जीव त्याच्यात अडकलाय. पावसातला रंकाळा, २२ बाय ३० इंच, पूर्ण शीट, बालगंधर्वच्या प्रदर्शनात शेवटच्या दिवशी गेलं. घेणारे गृहस्थ सांगलीचे, रोख पैसे दिले, नाव मी कुठेतरी चिठ्ठीवर लिहिलं ती चिठ्ठी गेली. माझ्याकडे त्याचा एकही फोटो नाही. सांगलीचं कुणी आहे का इथे?

हळदीचा_वायदा | १ जुलै, सकाळी ७:०५

मी सांगलीचा, नुसताच वाचक, पहिलाच प्रतिसाद. आमच्या मामांच्या दवाखान्यात, पेशंट बसतात त्या खोलीत, तळ्याचं एक मोठं पावसाळी चित्र आहे. पुण्याहून आणलेलं आठवतं. उजवीकडे खाली छत्री उलटी झालेला माणूस आहे का?

रेघोट्या (धागाकर्ती) | १ जुलै, सकाळी ७:११

आहे!!! छत्री काळी, आणि त्याची एक चप्पल निघालेली!

हळदीचा_वायदा | १ जुलै, सकाळी ७:२०

चप्पल कधी बघितली नव्हती. रविवारी दवाखाना बंद असतो, मामांना विचारून काच काढतो आणि फोटो घेतो. चार पावलं मागे जाऊन, दोन पट झूम, बरोबर ना गंधालीताई? बाहेर ढग आहेतच.